अँप्लिफायर लावायचाय, पण अल्टरनेटरची ऐपत किती?

मोटारीत बाहेरून अँप्लिफायर बसवण्याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून गाडीची वीज तयार करणारे यंत्र. आकडे १२ व्होल्टच्या गाड्यांचे आहेत. ट्रकविषयीचे एक पत्र आहे, त्याचा हिशेब त्याच उत्तरात वेगळा दिला आहे.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची आहे. बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास), अल्टरनेटरवर ७५ ए (अँपिअर) असे लिहिले आहे. बारा इंची सबवूफरसाठी मोनो अँप्लिफायर घ्यायचा आहे. खोक्यावर १५०० वॅट छापले आहे. पुस्तिकेत मात्र ४ ओहमला (स्पीकरचा रोध) ३०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, आणि २ ओहमला ५०० वॅट आरएमएस असे आहे. अँप्लिफायर क्लास डी आहे, त्यावर २५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. एक दुकानदार म्हणतो अल्टरनेटर बदलावाच लागेल. दुसरा म्हणतो काही करू नका, आज लावा आणि वाजवा. खरे कोणाचे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या गाडीला हा अँप्लिफायर झेपेल. ४ ओहमवर निर्धास्त, २ ओहमवर थोडे सांभाळून. अल्टरनेटर बदलू नका. पण ‘आज लावा आणि वाजवा’ हेही मानू नका, कारण बहुतेक घोटाळे वायर, अर्थ (अँप्लिफायरपासून गाडीच्या बॉडीला जाणारी परतीची जोडणी) आणि फ्यूज या तीन ठिकाणी होतात. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

पहिल्या दुकानदाराचा भागाकार बरोबर आहे, त्याने धरलेला आकडा चुकीचा आहे. १५०० ला १४ ने भागले की १०७ अँपिअर येतात आणि ७५ चा अल्टरनेटर तोकडा दिसतो. पण खोक्यावरचे १५०० वॅट हा जाहिरातीचा कमाल आकडा. अँप्लिफायर सतत तेवढे देऊच शकत नाही. खरा आकडा फ्यूज सांगतो. २५ चे दोन, म्हणजे ५० अँपिअर. ५० गुणिले १४ व्होल्ट, म्हणजे सुमारे ७०० वॅट वीज आत जाऊ शकते. क्लास डी अँप्लिफायर जोरात वाजताना त्यातली ७५ ते ८० टक्के स्पीकरला देतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे बाहेर ५२५ ते ५६० वॅट. पुस्तिकेतल्या ५०० वॅटशी हे जुळते, तेव्हा पुस्तिकेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. हाच अँप्लिफायर जुन्या पद्धतीचा, जास्त तापणारा क्लास एबी असता तर त्याच फ्यूजवर ३५० ते ४०० वॅटच मिळाले असते. पुस्तिकेत ‘सीटीए-२००६’ किंवा जुना ‘सीईए-२००६’ असा मोजणीच्या मानकाचा उल्लेख असेल तर आणखी चांगले. ते आकडे १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) अशा ठरलेल्या अटींवर मोजलेले असतात.

आता गाडीकडून किती अँपिअर जातील ते पाहू. ४ ओहमला ३०० वॅट सतत काढले तर सुमारे २८ अँपिअर, २ ओहमला ५०० वॅट काढले तर सुमारे ४८. मात्र ही एकसुरी शिट्टी सतत वाजवल्याची किंमत आहे. गाण्यात ढोलाचा ठोका पडतो आणि थांबतो. आवाज फाटणार नाही इतपत जोरात वाजवले तरी सरासरी वापर पूर्ण ताकदीच्या आठव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असतो. तुमच्या बाबतीत २ ओहमवर १० ते १८ अँपिअर धरा. आवाज फाटेपर्यंत गेन (अँप्लिफायरवरचे सिग्नल वाढवण्याचे बटण) चढवलात तर हा हिशेब मोडतो: फाटलेल्या आवाजाची सरासरी दुप्पट-तिप्पट होते, आणि सबवूफरची कॉइलही तेव्हाच जळते.

या १८ अँपिअरच्या आधी गाडीचे स्वतःचे खाणे आहे. पावसाळ्यातली रात्र आणि एसी चालू, असा कठीण प्रसंग धरू. इंजिनाचा संगणक, इंधनपंप, इग्निशन कॉइल आणि इंजेक्टर मिळून १२ ते १५ अँपिअर. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे आणि मागचे दिवे मिळून ११. एसीचा पंखा मोठ्यावर १० ते १२, कॉम्प्रेसरचा क्लच ४, रेडिएटरचा पंखा अधूनमधून चालतो म्हणून सरासरी ७ ते १०, वायपर ४. बेरीज ४८ ते ५६. वर अँप्लिफायरचे १८ ठेवले की ६६ ते ७४. धावत्या गाडीत ७५ चा अल्टरनेटर हे जेमतेम पुरवतो.

अडचण सिग्नलला येते. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा तो स्वतः मिनिटाला ६००० फेरे फिरत असतानाचा असतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर घुटमळत असते तेव्हा पट्ट्यामुळे अल्टरनेटर २००० ते २४०० वर फिरतो आणि ७५ पैकी ३५ ते ४५ अँपिअरच देतो. मे महिन्यात बॉनेटखालच्या उकाड्यात त्याहून थोडे कमी. तूट बॅटरी भरून काढते. कोंडीत २५ अँपिअरची तूट दहा मिनिटे राहिली तर बॅटरीतून ४ एएच गेले, म्हणजे ३५ पैकी नवव्या हिश्शाच्या आसपास. पुढे वीस-पंचवीस मिनिटे मोकळा रस्ता मिळाला की ते बऱ्यापैकी भरून येते. पण रोज तासभर कोंडीतच जात असेल तर कोंडीत आवाज खाली ठेवा, नाहीतर बॅटरी चार वर्षांऐवजी दोन वर्षांत बसेल.

अँप्लिफायर विकत घेण्याआधीच हे तपासता येते, आणि तपासाच. एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा : १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला निम्मी. निम्मी आली तर आधी बॅटरी चार्ज करून तिची लोड टेस्ट करून घ्या. मग गाडी सुरू करून मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. आता हाय बीम, एसीचा मोठा पंखा, मागच्या काचेचा डिफॉगर आणि वायपर एकदम लावा. न घेतलेल्या अँप्लिफायरचा भार तुम्ही असा उसना आणला. इंजिन २००० फेऱ्यांवर धरून १३.५ च्या वर टिकले तर धावत्या गाडीत शिल्लक आहे. १३ च्या खाली उतरले तर अल्टरनेटरचे ब्रश, रेग्युलेटर, डायोड किंवा पट्ट्याचा ताण यांत दोष असण्याची शक्यता मोठी. सात वर्षांच्या गाडीत ब्रश झिजलेले असणे अगदी साहजिक आहे. ते काम आधी करा.

प्रश्न : ४ गेजचा अँप्लिफायर किट बाराशे रुपयांत घेऊन फिटरकडून बसवला. बेसच्या ठोक्यासरशी हेडलाइट लुकलुकतात, अर्ध्या तासाने लाल वायर हाताला गरम लागते आणि फ्यूजच्या डबीचे प्लास्टिक वाकले आहे. अँप्लिफायरचे फ्यूज मिळून ५० अँपिअर. बॅटरी नवी आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आज घरी गेल्यावर बॅटरीपाशी ती लाल वायर सोडवा आणि टोकाला टेप गुंडाळून ठेवा. फ्यूजच्या डबीचे प्लास्टिक वाकले म्हणजे तिथला सांधा सैल आहे आणि तो दर ठोक्याला तापतो. गाडीला आग लागण्याची सुरुवात अशीच होते.

स्वस्त किटमधली वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, आणि गेजही नावापुरते असते. खऱ्या ४ गेजमध्ये २१ स्क्वेअर एमएम तांबे हवे. स्वस्त वायरीत बाहेरचे लाल प्लास्टिकच जाड असते, आत ८ स्क्वेअर एमएमही निघत नाही. एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर ॲल्युमिनियम.

फरक किती पडतो ते बघा. डिकीपर्यंत ५ मीटर वायर आणि ५० अँपिअर धरले, तर २५ स्क्वेअर एमएम तांब्यात ०.१८ व्होल्ट हरवतात. मुलाम्याच्या ८ स्क्वेअर एमएममध्ये ०.८ व्होल्टच्या वर. म्हणजे जोरात वाजताना चाळीसेक वॅट त्या वायरीतच जिरतात. चाळीसचा जुना बल्ब गालिच्याखाली पेटवून ठेवावा तसे. शिवाय अँप्लिफायरला व्होल्टेज कमी मिळाले की बरेचसे क्लास डी अँप्लिफायर तेवढाच आवाज काढायला जास्त अँपिअर ओढतात, आणि वायर आणखी तापते.

नवी वायर घेताना गेजवर जाऊ नका, स्क्वेअर एमएम आणि शुद्ध तांबे विचारून घ्या. तुमच्या ५० अँपिअरला १६ चालेल, २५ असेल तर पुढची काळजी मिटते. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी तांब्याची वेल्डिंग केबल याला उत्तम : बारीक तारांची, लवचीक, आणि आकार नीट छापलेला. वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही येते, तेव्हा कापलेले टोक पाहूनच घ्या. इंजिनाच्या बाजूचा भाग उष्णता सोसणाऱ्या नळीतून न्या.

बसवण्याचा क्रम असा. बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी काढा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत, जितका जवळ तितका चांगला. हा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसतो. अपघातात किंवा घासून वायर पत्र्याला टेकली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात. फ्यूजपासून पुढची वायर वाचते, फ्यूज आणि बॅटरीमधला तुकडा मात्र उघडाच राहतो, म्हणून तो आखूड हवा. तुम्हाला ६० अँपिअरचा पट्टीचा, म्हणजे मिनी एएनएल, फ्यूज घ्या. काचेच्या नळीचा नको. तुमची डबी वाकली ती बहुधा त्याच जातीची. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना भोकाच्या कडेला बसणारा रबरी ग्रोमेट हवाच, उघड्या भोकाची धार वर्षभरात प्लास्टिक कापते. वायर दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून एका बाजूने मागे न्या. आरसीएच्या, म्हणजे स्टिरिओकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या, वायरी दुसऱ्या बाजूने.

टोकांना तांब्याचे थिंबल (बोल्टखाली बसणारे कडीचे टोक) लावा आणि ते क्रिंपिंगच्या पकडीने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेले थिंबल वरून घट्ट दिसते, आत तारा सुट्या असतात.

अर्थची वायर तितक्याच जाडीची आणि ४५ सेंटीमीटरच्या आत ठेवा. डिकीत बॉडीच्या जाड पत्र्यावर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा; रंगावर बोल्ट आवळलात तर अर्थ झालाच नाही. दातेरी वॉशर आणि नट-बोल्ट वापरा, पत्र्याचा स्क्रू नको. वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर कोकणच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज चढतो. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडायचा नाही. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताणाने आवळलेला असतो. आणि नवे भोक पाडायचे असेल तर आधी गाडीखाली वाकून पाहा. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते.

सगळे झाल्यावर बेस जोरात लावून बॅटरीवर आणि अँप्लिफायरच्या दोन टर्मिनलवर पाठोपाठ व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर मल्टिमीटरचे एक टोक अँप्लिफायरच्या अर्थवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर धरा, तिथे ०.२ च्या वर दिसले तर दोष अर्थमध्ये, नाहीतर लाल वायरीत किंवा फ्यूजच्या सांध्यात.

प्रश्न : दिवे लुकलुकू नयेत म्हणून १ फॅरडचा कपॅसिटर लावावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. १४.४ व्होल्टवरून १२.५ वर येईपर्यंत १ फॅरडचा कपॅसिटर सुमारे २६ जूल देतो. ५०० वॅटच्या मागणीला ते एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शात संपतात. लुकलुक थोडी मऊ होईल, तूट तेवढीच राहील, आणि जास्तीचे सांधे मात्र वाढतील. तेच पैसे जाड तांब्याच्या तीन वायरींना द्या : अल्टरनेटरच्या धन टोकापासून बॅटरीपर्यंत (याला वेगळा फ्यूज), बॅटरीच्या ऋणापासून बॉडीपर्यंत, आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत. कंपनीच्या वायरी काढू नका, नव्या त्यांना समांतर जोडा.

कपॅसिटर आधीच घेतला असेल तर तो पहिल्यांदा जोडताना मध्ये १२ व्होल्टचा बल्ब धरून भरा. सरळ जोडला तर ठिणगी उडते आणि टोक वितळू शकते.

प्रश्न : आमच्या दिंडीबरोबर वारीला ट्रक असतो. भजनासाठी २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा दोन्हींवर चालणारा १०० वॅटचा अँप्लिफायर आणि दोन कर्णे आहेत. ट्रकला दोन बॅटऱ्या. वायरमन एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतो. गेली दोन वर्षे वारीनंतर दर वेळी एक बॅटरी बाद होते, आणि बाद होते ती नेमकी वायर न लावलेली! हे कसे?
— एका दिंडीचे वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, त्यात दोषाचे कारण दडलेले आहे. ट्रकच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट होतात. अल्टरनेटरचा रेग्युलेटर दोघींची बेरीज २८ व्होल्टच्या आसपास ठेवतो. कोणीला किती मिळते हे त्याला दिसत नाही. अँप्लिफायर जिच्यावर आहे ती कायम उतरलेली, समजा १२.५ वर. मग बेरीज पुरी करायला दुसरीवर १५.५ व्होल्ट पडतात. तिचे पाणी उकळते, प्लेटा उघड्या पडतात आणि ती मरते. वायर लावलेलीही अर्धपोटी राहून प्लेटांवर सल्फेटचा थर धरते, तिचीही पाळी येते. ट्रकच्या बॅटरीवरून १२ व्होल्ट कधीच काढू नयेत, एखादा दिवा पेटेल एवढी छोटी गोष्ट असली तरी.

मार्ग दोन आहेत. पहिला, २४ चे १२ व्होल्ट करणारा डीसी कन्व्हर्टर, २० अँपिअरचा. तो दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखे घेतो. १०० वॅटचा अँप्लिफायर पूर्ण आवाजावर १० ते १३ अँपिअर ओढतो, तेव्हा २० चा आरामात पुरतो. मात्र मुक्कामी इंजिन बंद असताना भजन रात्रीपर्यंत चालले तर पहाटे सेल्फ मारायला बॅटरीत दम उरणार नाही.

म्हणून आमचे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे : भजनाची बॅटरी ट्रकपासून वेगळीच ठेवा. टाळ-मृदंगासह भजनाला सरासरी ४ ते ५ अँपिअर लागतात. आठ तासांना ४० एएच. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ८० ते १०० एएचची घ्या. इन्व्हर्टरला लागते ती ट्यूब्युलर बॅटरी या कामाला ट्रकच्या बॅटरीपेक्षा जास्त टिकते, कारण ती हळूहळू उतरून पुन्हा भरण्यासाठीच बांधलेली असते. मुक्कामाच्या गावी विजेवर १० अँपिअरचा चार्जर रात्रभर लावा. बॅटरी फळीच्या चौकटीत उभी बांधा, तिच्यावर ताडपत्री गच्च लपेटू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. धन टोकापाशी २० अँपिअरचा फ्यूज हवा.

कर्णे बदलून मोठे बॉक्स स्पीकर आणण्याचा विचार मनात आला तर सांगून ठेवतो. एका वॅटला कर्णा एक मीटरवर १०५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, साधा बॉक्स ९०. हे १५ डेसिबल भरून काढायला तीसपट वॅट लागतात. चालत्या दिंडीला, बॅटरीवर, कर्णाच बरा. आणि सार्वजनिक जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे, तेव्हा आठ तासांचा हिशेब दिवसाचाच धरला आहे.

प्रश्न : ५०० वॅटवरून १००० वॅट आरएमएसवर जायचे आहे. डिकीत दुसरी बॅटरी ठेवली तर चालेल ना? अल्टरनेटर ९० अँपिअरचा.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुसरी बॅटरी वीज तयार करत नाही. उभ्या गाडीत जास्त वेळ वाजेल, पण ती भरायचे काम त्याच अल्टरनेटरवर पडेल. १००० वॅटला ठोक्यागणिक ९५ अँपिअरच्या पुढे लागतात. तुमच्या अल्टरनेटरची पूर्ण कमाई एकटा अँप्लिफायर ठोक्याला उडवणार. सरासरीने चालेल, पण इंजिन घुटमळताना व्होल्टेज १२ च्या घरात येईल आणि तिथे अँप्लिफायर १००० देणारही नाही.

दुप्पट वॅट म्हणजे ३ डेसिबल. कानाला ‘थोडे वाढले’ एवढेच कळते. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. हेच ३ डेसिबल तुम्हाला ३ डेसिबलने जास्त सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला मिळणारा आवाज) असलेल्या सबवूफरमधून किंवा मापाने नीट बांधलेल्या पोर्टेड (हवेसाठी नळी ठेवलेल्या) खोक्यातून मिळतील, अल्टरनेटरला हात न लावता. तरीही १००० हवेच असतील तर १२० ते १५० अँपिअरचा अल्टरनेटर, वर सांगितलेल्या तीन जाड वायरी आणि ५० स्क्वेअर एमएमची मुख्य वायर, या क्रमाने खर्च करा. आणि डिकीत बॅटरी ठेवलीच तर ती बंदिस्त एजीएम (आम्ल सांडत नाही अशी) असावी, दोन बॅटऱ्यांमधल्या वायरीच्या दोन्ही टोकांना फ्यूज आणि मध्ये इंजिन बंद असताना बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर.

प्रश्न : बीएस-६ गाडी आहे, माइल्ड हायब्रिड. कधी १२.७ व्होल्ट दिसतात, कधी १४.८. सिग्नलला इंजिन बंद होऊन परत सुरू होते तेव्हा अँप्लिफायर टक्‌ असा आवाज करून बंद पडतो. अल्टरनेटर खराब आहे का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : नाही. अशा गाड्यांत व्होल्टेज संगणक ठरवतो. ब्रेक दाबताना ते चढवून फुकटची वीज साठवतो, वेग घेताना खाली आणतो म्हणजे इंजिनावरचा भार हलका होतो. चढ-उतार हे नीट चालू असल्याचे लक्षण आहे. सिग्नलला इंजिन पुन्हा सुरू होताना व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि १०-१०.५ च्या खाली गेले की अँप्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. डॅशबोर्डवरचे आयडल स्टॉप बंद करण्याचे बटण दाबा.

तपासायची गोष्ट दुसरीच आहे. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर एक चौकोनी सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीतून गेलेला-आलेला प्रत्येक अँपिअर मोजतो. अँप्लिफायरची अर्थ वायर त्या सेन्सरला वगळून थेट टर्मिनलच्या खांबाला जोडली असेल तर तो वापर संगणकाला दिसत नाही, बॅटरी भरलेली आहे असे तो समजतो आणि बॅटरी उपाशी राहते. अर्थ बॉडीलाच द्या. मारुतीच्या काही स्मार्ट हायब्रिड मॉडेलमध्ये पुढच्या सीटखाली छोटी लिथियम बॅटरी असते. जवळ सापडली म्हणून तिथून वायर घेऊ नका. मुख्य बॅटरी बदलताना जुनी ईएफबी (वारंवार सुरू-बंद होणाऱ्या गाड्यांसाठीची) किंवा एजीएम होती का ते पाहून त्याच जातीची घ्या.

प्रश्न : तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. अँप्लिफायर बसवल्यापासून हे सुरू झाले.
— एक वाचक, अकोला

उत्तर : अँप्लिफायरला जागे करणारी बारीक निळी वायर, जिला रिमोट म्हणतात, ती फिटरने कायम चालू असलेल्या धनाला जोडली असावी. गाडी बंद करून अर्ध्या तासाने अँप्लिफायरचा दिवा पाहा. पेटलेला असेल तर तोच चोर. गप्प बसलेला अँप्लिफायरही अर्धा ते दीड अँपिअर खातो. पाऊण अँपिअर धरला तरी ४८ तासांत ३६ एएच, म्हणजे छोट्या गाडीची अख्खी बॅटरी. निळी वायर स्टिरिओच्या रिमोट टोकाला न्या, ते नसेल तर किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या एखाद्या फ्यूजला.

दिवा बंद असेल तर ऋण टर्मिनल काढून त्या जागी मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. बॉनेट उघडे, दारे बंद, किल्ली दूर. अर्ध्या तासाने गाडीचे संगणक झोपतात. मग ५० मिलिअँपिअरच्या आत हवे. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तिथेच उडेल.

प्रश्न : ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून शिट्टी येते, वेगाबरोबर वर चढते.
— एक वाचक, लातूर

उत्तर : अल्टरनेटरची कुरकुर. आरसीए वायर अँप्लिफायरमधून उपसून पाहा. शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या वाटेने येते : स्टिरिओचा अर्थ नीट करा, आरसीए लाल वायरीपासून दूर न्या. थांबली नाही तर अँप्लिफायरचा अर्थ पुन्हा घासा. दोन्ही करूनही राहिली तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. मल्टिमीटर एसी (उलटसुलट विजेच्या) व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसली तर अल्टरनेटर उघडायला द्या. बाजारात मिळणारा नॉइज फिल्टर लावून दोष झाकू नका.

प्रश्न : इलेक्ट्रिक कारमध्ये अल्टरनेटरच नाही. मग अँप्लिफायर कशावर चालणार? मोठी बॅटरी आहेच, तिथूनच वीज घेता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मोठ्या बॅटरीला आणि केशरी रंगाच्या वायरींना हात लावायचा नाही, फिटरलाही लावू द्यायचा नाही. तिथे शेकडो व्होल्ट डीसी असतात. त्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर १२ व्होल्टची बाजू चालवतो आणि बॉनेटखालची छोटी १२ व्होल्टची बॅटरी भरतो. अँप्लिफायर या छोट्या बॅटरीवरूनच, फ्यूज लावून, घ्यायचा. एक फायदा आहे : कन्व्हर्टर गाडी थांबलेली असतानाही तेवढीच वीज देतो, सिग्नलची तूट इथे नाही. पण गाडी ‘रेडी’वर नसेल तर बहुतेक गाड्यांत तो झोपलेला असतो आणि सगळा भार छोट्या बॅटरीवर येतो. ती उतरली की आत मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. म्हणून उभ्या गाडीत गाणी ऐकायची तर ‘रेडी’ करूनच ऐका. आणि वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून वॉरंटीविषयी लेखी विचारा. कंपनीची वायर न कापता मध्ये बसणारे कपलर मिळत असतील तर तेच वापरा.